सानलूकार : लवंगांचे बंदर आणि भाव विचारणारा माणूस

स्पेनच्या नैर्ऋत्येला ग्वादलकिवीर नदी अटलांटिक महासागराला मिळते, त्या मुखावर सानलूकार दे बारामेदा हे गाव आहे. बार्सिलोना, माद्रिद आणि फार तर ग्रानादा पाहून परतणाऱ्या आपल्या प्रवाशांच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते. पण मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास वाचणाऱ्याला हे गाव टाळता येत नाही. १४९८च्या मे महिन्यात कोलंबसची तिसरी सफर इथून निघाली. २० सप्टेंबर १५१९ रोजी मॅगेलनची पाच जहाजे इथूनच समुद्रात उतरली आणि ६ सप्टेंबर १५२२ रोजी त्यांतले एकच, ‘व्हिक्टोरिया’, पृथ्वीला वळसा घालून इथे परतले.

एवढ्या घटना या एका गावाच्या वाट्याला का आल्या, याचे उत्तर भूगोलात आहे. अमेरिकेच्या व्यापारावर देखरेख करणारी कचेरी स्पेनच्या राजसत्तेने १५०३मध्ये सेव्हिलला उघडली. सेव्हिल समुद्रकाठी नाही. ते नदीने सुमारे ८० किलोमीटर आत आहे. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला सानलूकारच्या दारातूनच जावे लागे. या दाराला उंबरठाही होता. नदीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. तो ओलांडायचा तर भरती, वारा आणि वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, तिन्ही एकाच वेळी हवेत. कितीतरी जहाजे महासागर पार करून घराच्या दारात येऊन फुटली. जहाजांचे आकार वाढले, गाळही वाढला आणि शेवटी १७१७मध्ये ती कचेरी कादिसला हलवली गेली. सोपारा आणि चौलच्या खाड्या गाळाने भरत गेल्याचे आपण वाचलेले असते. बंदराचे दैव राजाइतकेच नदीही ठरवते, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

गावाचे आजही दोन भाग आहेत. टेकडीवरचा ‘बार्रिओ आल्तो’, म्हणजे वरचा वाडा, हे जुने तटबंदीचे गाव. समुद्र मागे हटत गेला तशी मोकळ्या झालेल्या जमिनीवर ‘बार्रिओ बाखो’, म्हणजे खालचा वाडा, वसला. चढावर ‘लास कोवाचास’ नावाची पंधराव्या शतकातील गॉथिक कमानींची रांग आहे. तिच्यावर पंख पसरलेले सर्पासारखे प्राणी कोरले आहेत. शेजारीच गावचा बाजार भरतो. वर सान्तियागो किल्ला, ‘नुएस्त्रा सेन्योरा दे ला ओ’ हे चर्च आणि त्याला लागून मेदिना सिदोनियाच्या ड्यूकांचा वाडा.

हे गाव १२९७पासून याच घराण्याच्या जहागिरीत होते. सातवा ड्यूक आलोन्सो याला फिलिप दुसऱ्याने १५८८मध्ये इंग्लंडवर जाणाऱ्या आरमाराचा सेनापती नेमले, तेव्हा आपल्याला समुद्र लागतो आणि सागरी युद्धाचा अनुभव नाही, असे पत्र लिहून त्याने सुटका मागितली होती. ती मिळाली नाही. पुढे नवव्या ड्यूकचे नाव आंदालुसियातील राजद्रोहाच्या कटात आले आणि १६४५मध्ये राजाने सानलूकार काढून घेतले. वाडा मात्र घराण्याकडे राहिला आणि त्यातले दप्तरही.

त्या दप्तराची कथा मला या गावातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एकविसावी डचेस लुईसा इसाबेल आल्वारेस दे तोलेदो (१९३६–२००८) ही फ्रँकोच्या राजवटीची विरोधक होती. जानेवारी १९६६मध्ये पालोमारेस गावाच्या परिसरात अमेरिकी विमानाच्या अपघातातून चार हायड्रोजन बॉम्ब पडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने तिने निदर्शने केली आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. लोक तिला ‘लाल डचेस’ म्हणत. घराण्याचे दप्तर तिने सानलूकारच्या वाड्यात आणले, वर्षानुवर्षे स्वतः बसून लावले, त्याच्या याद्या केल्या आणि ते विखुरू नये म्हणून १९९०मध्ये संस्थेच्या हवाली केले. कोलंबसच्या आधीच आंदालुसियाचे आणि आफ्रिकेचे खलाशी अमेरिकेला पोचले होते, असा दावा तिने त्या कागदांच्या आधारे केला. अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. पण दावा टिकला नाही तरी दप्तर टिकले. विद्यापीठाबाहेर राहून कागद चाळणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. आपले निष्कर्ष कदाचित पुसले जातील. नीट लावून ठेवलेले कागद पुढच्या माणसाच्या कामी येतात.

आता ‘व्हिक्टोरिया’कडे वळू. मॅगेलन हा पोर्तुगीज. तो १५०५मध्ये आल्मेदाच्या ताफ्यातून हिंदुस्थानात आला आणि त्याची उमेदीची वर्षे आपल्याच किनाऱ्यावर गेली. १५१०च्या ऑक्टोबरात, गोव्यावरच्या दुसऱ्या स्वारीआधी, आल्बुकर्कने कोचीला सल्लामसलत केली. व्यापारी जहाजे त्या स्वारीत नेऊ नयेत असे मत देणाऱ्यांत मॅगेलन होता. आल्बुकर्कने ते मानले नाही आणि नोव्हेंबरात गोवा घेतला. मलाक्का आणि त्यापलीकडच्या मसाल्याच्या बेटांचे ज्ञान मॅगेलनला पूर्वेच्या याच चाकरीतून मिळाले. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर ते घेऊन तो स्पेनच्या दारी गेला. सानलूकारहून निघालेल्या मोहिमेची पूर्वतयारी अशी काही अंशी मलबारात झाली होती.

मॅगेलन एप्रिल १५२१मध्ये फिलिपिन्समधील माक्तान बेटावर मारला गेला. ‘व्हिक्टोरिया’ परत आणली ती हुआन सेबास्तियान एल्कानोने. सुमारे २४० माणसे निघाली होती. सानलूकारला त्यांतली १८ उतरली. वाटेत केप व्हर्दे बेटांवर त्यांना कळले की आपल्या हिशेबाने बुधवार आहे आणि किनाऱ्यावर गुरुवार. सफरीची रोजनिशी ठेवणारा पिगाफेत्ता चक्रावला. त्याने एकही दिवस नोंद चुकवली नव्हती. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे पृथ्वी फिरून येणाऱ्याचा एक दिवस कमी भरतो, हे माणसाने प्रथमच अनुभवाने जाणले.

जहाजात सुमारे २६ टन लवंग होती. लवंगेला स्पॅनिश शब्द ‘क्लावो’, म्हणजे खिळा. आकार पाहता नाव चपखल आहे. एवढ्या एका जहाजाच्या मालाने पाच जहाजांच्या मोहिमेचा खर्च जवळपास भरून निघाला. मोलुक्का बेटांवर लवंग किती स्वस्त आणि युरोपात किती महाग होती, हे या एका वाक्यावरून कळते.

आणि इथेच तो माणूस येतो, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तिदोर बेटावरून निघताना ‘व्हिक्टोरिया’वर ४७ युरोपीय होते आणि १३ स्थानिक माणसे होती, अशी पिगाफेत्ताची नोंद आहे. त्या तेरांपैकी थोडे स्पेनपर्यंत जिवंत पोचले. अठरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत छापली जातात, या मोजक्यांची नाहीत. सोळाव्या शतकातील इतिहासकार ओविएदो त्यांतल्या एकाविषयी लिहितो की तो फार चौकस होता. एका दुकातचे किती रेआल, एका रेआलचे किती मारावेदी आणि एका मारावेदीला मिरे किती मिळतात, हे तो दुकानादुकानांतून विचारत फिरला. म्हणून पुढे मोलुक्काकडे ताफा निघाला तेव्हा त्याला परत जाऊ दिले नाही.

पृथ्वी गोल फिरून आलेल्या सफरीतली ही सर्वांत बोलकी नोंद आहे, असे मला वाटते. त्याने शस्त्र उचलले नव्हते, पळून जायचा प्रयत्नही केला नव्हता. बाजारात उभे राहून त्याने फक्त भाव विचारला होता. तो भाव तिदोरला कळला असता तर त्यानंतरची लवंग तितकी स्वस्त मिळाली नसती. साम्राज्याचा नफा तोफांइतकाच पिकवणाऱ्याच्या अज्ञानावर उभा होता आणि ते त्या काळच्या कारभाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

आजचे सानलूकार या इतिहासावर फारसे जगत नाही. एकोणिसाव्या शतकात मोंपान्सिएच्या ड्यूकने इथे उन्हाळी वाडा बांधला आणि गाव हवापालटाचे ठिकाण झाले. त्या वाड्यात आता नगरपालिका आहे. १८४५पासून दर ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती होतात. पोरे पुठ्ठ्यांचे गल्ले मांडून सुट्ट्या पैशांच्या पैजा घेतात. बाखो दे गिया या कोळीवाड्यात कोळंबी खायची आणि त्यासोबत ‘मान्सानीया’ ही इथलीच फिकट, कोरडी वाइन घ्यायची. पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते. तिला ‘फ्लोर’, म्हणजे फूल, म्हणतात. समुद्राच्या दमट वाऱ्याने ती साय जिवंत राहते, म्हणून तळघरांऐवजी उंच, हवेशीर कोठारे बांधतात. समोरच्या काठावर दोन्यानाचे राष्ट्रीय उद्यान आहे.

शेतकरीही भरती-ओहोटीवर नजर ठेवून असत. वाळूच्या टेकड्यांत खोल चर खणून, जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या जवळ जाऊन ते भाजी पिकवत. खारे पाणी जड, त्याच्यावर गोडे तरंगते; भरतीने खालचे पाणी चढले की वरचे मुळांपर्यंत येते. या शेतीला ‘नवासो’ म्हणतात. कुठल्याही ड्यूकच्या हुकमाशिवाय, साध्या माणसांनी निरीक्षणाने हे शास्त्र उभे केले.

सानलूकारला कुणी गेलेच, तर किल्ला, वाडा आणि कोळंबी यांसाठी दोन दिवस पुरतात. माझी सुचवणी एवढीच, की लास कोवाचासशेजारच्या बाजारातही थोडे थांबावे. तिथे मसाल्याचे दुकान दिसले तर लवंगेचा भाव जरूर विचारावा. पाचशे वर्षांपूर्वी त्याच देशात तेवढ्याच प्रश्नासाठी एका माणसाची घरी जायची वाट बंद झाली होती आणि त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.