जालना, डिसेंबर 1988 : साइड ए, साइड बी

खिशातला मोबाइल बंद करा. त्याला इथे रेंज मिळायला अजून बरीच वर्षं आहेत. मनमाडला गाडी बदलून, मीटरगेजच्या डब्यात हाडं खिळखिळी करून घेत तुम्ही जालन्याला उतरला आहात. साल 1988, महिना डिसेंबर. शेतात ज्वारी उभी आहे, संध्याकाळी कानाला मफलर लागतो. जिल्हा होऊन साडेसात वर्षं झाली, तरी पत्त्यात 'जि. औरंगाबाद' लिहिणारे हात अजून शिल्लक आहेत.

तुम्ही आलात ते चार माणसांना रॉकचे अल्बम सुचवायला. एक पथ्य मात्र पाळा. 1988 नंतरचं जे काही डोक्यात आहे ते तिथेच ठेवा. 'नेव्हरमाइंड' यायला 1991 चा सप्टेंबर उजाडायचा आहे, 'ओके कम्प्युटर'ला तर 1997. प्लेलिस्टचं निम्मं ओझं उतरलं? बरंच झालं. नाहीतर तुम्ही शंभर नावांची यादी वाचून दाखवली असती आणि कुणी एकही अल्बम ऐकला नसता.

आधी बाजारातल्या रेकॉर्डिंग सेंटरवर जा. काउंटरवर सिनेमाच्या गाण्यांची जाडजूड वही, मागे दोन डेक, एकावर कायम कुठली तरी कव्वाली चालू. रीत अशी की गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची आणि परवा यायचं. तुम्ही टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट पुढे सरकवता आणि म्हणता, "दोन अल्बम भरायचेत. जसेच्या तसे."

"सगळी गाणी? निवडून नाही?"

"सगळी. त्याच क्रमाने."

"एका साइडला सात-आठ मिनिटं उरतेत. रफीचं टाकू का एखादं?"

नको म्हणा, पण हसून म्हणा. माणूस दिलदार आहे, जागा फुकट जाऊ नये एवढाच त्याचा हिशेब.

खरी शिफारस इथेच सुरू होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू, आणि रॉकचा एक अल्बम साधारण चाळीसचा. म्हणजे एका कॅसेटीत दोन अल्बम बसतात, आणि एकाच्या पाठीला दुसरा कोणता बांधायचा हे ठरवणं म्हणजे सोयरीक जमवणंच. तुम्ही 'ए' बाजूला डीप पर्पलचा 'मशीन हेड' घेतला आणि 'बी' बाजूला पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर'. पहिला सदतीस मिनिटांत दार फोडून बाहेर पडतो. दुसरा चव्वेचाळीस मिनिटं घेतो आणि फीत संपता संपता संपतो.

परवा कॅसेट हातात आली की गच्चीवरच्या खोलीत चला. खोली बँकेतल्या दादाची. बदली होऊन मुंबईहून आलेला, सामानात भांडी कमी आणि कॅसेटी जास्त. मार्च 1980 मध्ये रंगभवनला 'द पोलीस' वाजले तेव्हा हा तिथे होता, आणि ही गोष्ट तो तुम्हाला चहाच्या आधीच सांगणार. शेजारी बसलाय तो बियाण्यांच्या कंपनीतला. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको काढली तेव्हापासून शेतकीचे पदवीधर बाहेरगावाहून या गावात नोकरीला येतात. शॉर्टवेव्हवर बीबीसीचा 'अ जॉली गुड शो' लावायचा आणि आवडलेलं नाव वहीत टिपायचं, हा याचा छंद. सप्टेंबरअखेर दिल्लीच्या नेहरू स्टेडियममध्ये स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल आणि ट्रेसी चॅपमन एकाच मंचावर गाऊन गेले. त्याने पेपरातलं कात्रण जपून ठेवलंय. तिसरा एक पोरगा, भजनी मंडळात ढोलकी वाजवणारा. आणि कोपऱ्यात घरमालक काका. अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सव काकांनी कधी चुकवलेला नाही. अडकित्ता हातात, चेहऱ्यावर 'बघू तुमचं' असा भाव.

दादाने कॅसेट घातली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. घाबरू नका. दादा बारीक पेचकस काढतो, डेकचं झाकण उघडतो आणि हेडच्या कडेचा इवलासा स्क्रू केसभर फिरवतो. ज्या डेकवर भरली त्याचं हेड आणि ज्यावर वाजते त्याचं हेड एका रेषेत नसलं की वरच्या पट्टीतलं सगळं मरतं. आणखी केसभर. एकदम झांजा उघडतात, जणू कुणी खिडकीची काच पुसली. ही कसरत प्रत्येक उसन्या कॅसेटीला करावी लागते, आणि दादा ती डोळे मिटून करतो.

'मशीन हेड'ची गोष्ट आधी सांगितली तरी चालते. डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. जिथे रेकॉर्डिंग करायचं तो कॅसिनोच फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात जळाला. मग थंडीमुळे बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात वाद्यं मांडली, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी उभी केली आणि काम उरकलं. तळ्यावर पसरलेल्या त्या धुराचंच गाणं झालं. ढोलकीवाला पोरगा ऐकतो, मान हलवतो, पण त्याचा हात मांडीवर चालत नाही. लक्ष ठेवा. कुणाला काय आवडलं ते तोंडावर नाही, हातावर कळतं.

त्याला सांताना लावा. 'अब्राक्सस', 1970. काँगा, टिंबाली आणि त्यांच्यावरून घसरत जाणारी गिटार. 'ओये कोमो वा' मूळ तीतो पुएन्तेचं, 'ब्लॅक मॅजिक वुमन' पीटर ग्रीनचं. दोन्ही उसनी, पण लोक आता सांतानाचीच मानतात. दुसऱ्या मिनिटाला पोराची बोटं गुडघ्यावर सुरू. "हे कोणतं वाद्य हो? थाप आपल्यावानी अन् घुमारा निराळा." काम झालं. त्याला गिटारीपर्यंत नेऊ नका, तो आपोआप पोचेल.

काकांच्या बाबतीत मात्र तुम्ही पहिल्या झटक्यात चुकीच्या दाराशी जाणार, हे मला माहीत आहे. तुम्हाला वाटणार, भारतीय कान आहेत तर भारतीय वाद्यांचा अल्बम द्यावा. जॉर्ज हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक' आहेच की. जानेवारी 1968 मध्ये मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यातला मोठा भाग रेकॉर्ड झाला. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं संगीतही झालं आणि ते गाणं मार्चमध्ये बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. अभिमानाने सांगावी अशी हकिगत आहे. पण काकांना हे ऐकवाल तर ते विचारतील, "सनई आम्ही रोज ऐकतो. यात त्याचं काय?" आणि ते बरोबर असतील. ते तुकडे सिनेमासाठी केलेले, बहुतेक एक-दोन मिनिटांचे. राग बसायच्या आत उठतो. वाद्य ओळखीचं असलं म्हणून संगीत ओळखीचं होत नाही.

आपली पहिली कॅसेट परत घाला, उलटवून. साइड बी.

सिंथेसायझरचा एक लांब सूर. तंबोरा नाही, पण काम तेच. त्यावर गिटार येते, थांबते, परत येते. बियाणेवाला कुजबुजतो, "गाणं कधी सुरू होतंय?" दादा त्याला डोळ्यांनी दटावतो. चार मिनिटं होत आली आणि गिटारीचे चार स्वर पडतात, एकेक, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. काकांचा अडकित्ता थांबतो.

"कोण हा?"

"डेव्हिड गिल्मोर."

"घाई नाही याला."

यापेक्षा मोठी दाद काका देत नाहीत. आवाज लागायला साडेआठ मिनिटं जातात, तोवर ख्यालाला सरावलेला हा एकटा माणूस या खोलीत निवांत आहे. रॉकवाले सगळे चुळबुळतायत. फ्लॉइड आणि किराणा घराण्याचं नातं वगैरे मी सांगणार नाही, तसलं लेखन पुष्कळ झालंय. मला एवढंच दिसतं की काकांना वाट पाहता येते, आणि हा अल्बम वाट पाहणाऱ्याचा आहे.

सिड बॅरेटची गोष्ट मात्र नंतर सांगा. ज्या हरवलेल्या मित्रावर हे गाणं आहे तो 5 जून 1975 ला या अल्बमचं काम चाललेल्या स्टुडिओतच येऊन उभा राहिला, लठ्ठ, डोक्यावरचे केस आणि भुवया काढलेला, आणि सुरुवातीला मित्रांनी त्याला ओळखलंच नाही. आधी सांगितलंत तर लोक गोष्टच ऐकत बसतात, गाणं बाजूला पडतं.

मध्येच लाइट जाते. दादा टू-इन-वनमध्ये सेल घालतो आणि कॅसेट पुढे चालू. सेल जुने, हळूहळू वेग मंदावतो, रॉजर वॉटर्सचा आवाज जाड होत खाली उतरतो. काका अंधारात म्हणतात, "आता हा मंद्रात गेला." खोलीभर हशा.

लाइट आल्यावर दादा आपली ठेव काढतो. मुंबईच्या ऱ्हिदम हाउसमधून यंदाच आणलेली कॅसेट : रॉक मशीन, 'रॉक अँड रोल रेनेगेड', सीबीएस. मुंबईची पोरं, सगळी गाणी स्वतःची. वेष्टनावर 'महेश तिनईकर, गिटार' वाचून ढोलकीवाला उडतोच, "हा तर आपलाच की!" मग वाद. आपल्या पोरांनी इंग्रजीत कशाला गावं, नक्कल आहे, नक्कल नाही. तुमच्या जिभेवर आलंय की 1993 मध्ये हेच लोक नाव बदलून इंडस क्रीड होतील आणि 1995 चा त्यांचा अल्बम याहून कितीतरी पक्का असेल. गिळा. तसंच तेही गिळा, की झेपलिनच्या पेज आणि प्लँटने 1972 मध्ये मुंबईच्या वादकांबरोबर जे रेकॉर्ड केलं ते अधिकृतपणे ऐकायला या खोलीला 2015 पर्यंत थांबावं लागेल. दादाला हे कळलं तर तो आजच झोपायचा नाही.

काका उठतात. "तुम्ही मला ऐकवलंत, आता माझं ऐका. दत्तजयंतीला अंबडला या. पुढे बसा. मधेच उठायचं नाही."

तुम्ही रॉक मशीनची कॅसेट उचलता. दादा लगेच वही पुढे करतो : नाव, कॅसेट, नेल्याची तारीख, परत देण्याची तारीख. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणतो, "हे भरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. मागचा एक जण 'ब्रदर्स इन आर्म्स' घेऊन गेला तो परभणीला बदलून गेला."

तुम्ही 'पुढचा शनिवार' असं लिहिता.

"वार नको, तारीख," दादा म्हणतो. "आणि वर्षसुद्धा."