पाण्याचा लगाम

बोटीच्या काठाला गुडघा टेकवून तुम्ही ती कापडी पिशवी पाण्यात सोडता. गळाने मासे धरणारे तिला ड्रिफ्ट सॉक म्हणतात. जाड कापडाचा शंकू, तोंड रुंद, शेपटाला छोटं भोक. वारा येतो त्या बाजूला ती पडते, पाणी भरून फुगते, दोर ताठ होतो. इतका वेळ वाऱ्यापुढे फरफटणारी बोट सावकाश चालू लागते आणि गळ हव्या त्या खोलीवर राहतो. आता दोर हातातून सोडू नका. तो तुम्हाला मागे नेणार आहे.

मुठीतला दोर खरखरीत होतो. पायाखाली लाकडी फळ्या येतात, कानाला गार वारा झोंबतो. दूर त्सुकुबा डोंगराची दोन शिखरं दिसतात. तुम्ही तोक्योच्या ईशान्येला, कासुमिगाउरा तळ्यावर आहात आणि मेइजी काळ चालू आहे. बोटीवर माणसं दोनच, तुम्ही आणि एक म्हातारा कोळी.

काही वर्षांपूर्वी आला असतात तर इथे दोघांचं काम नव्हतं. मोठं जाळं टाकायचं म्हणजे ओढायला माणसांची फौज लागायची आणि जाळं ज्याच्या मालकीचं, मासळीही त्याचीच. 1880 मध्ये साका गावच्या ओरिमोतो ऱ्योहेई यांनी हे बदललं. एकट्यादुकट्या कोळ्यालाही पोट भरता यावं, म्हणून त्यांनी वाऱ्यालाच जाळं ओढायला लावलं. पतंगावरून त्यांना ही युक्ती सुचली असं सांगतात. म्हाताऱ्याची बोट त्याच युक्तीवर चालते.

"दोर धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस," म्हातारा म्हणतो आणि शीड वर चढू लागतं. तुम्ही मान वर करून बघत राहता. सुमारे 9 मीटर उंच आणि 16 मीटर रुंद! एवढ्याशा होडीवर लग्नाचा मांडव उभा राहावा तसं ते पांढरं कापड वाऱ्याने भरतं. होडी नाळेच्या दिशेने जात नाही. ती वाऱ्याला आडवी उभी राहते आणि कुशीवरच सरकू लागते. एका बाजूला शीड, दुसऱ्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडाशी, पाण्यात पसरलेलं जाळं.

आता ती कलंडते. तुमच्या पोटात गोळा येतो, एवढं शीड होडीला पालथी घालणार हे दिसतच असतं. पण शिडाच्या माथ्यावर एक आडवी काठी आहे आणि त्या काठीपासून एक दोर थेट पाण्यातल्या जाळ्यापर्यंत गेला आहे. वारा शिडाचा माथा पुढे ढकलतो, जाळं तोच माथा मागे खेचतं. दोघांच्या ओढाताणीत होडी सरळ उभी राहते. या एका दोराला मी साऱ्या रचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट मानतो.

वाऱ्याचा झोत येतो. होडी वेग घेते, पण फार नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जाळं चौपट ओढून धरतं. लगाम आपोआप आवळला जातो. तुमच्या त्या पिशवीतही हेच घडत होतं. फरक एवढाच की पिशवी फक्त अडवते, जाळं अडवता अडवता मासेही धरतं.

तरी माणसाला उसंत नाही. वारा पडला की जाळं खाली बसतं आणि तळं इतकं उथळ आहे, सरासरी 4 मीटर, की ते लगेच चिखलाला लागतं. वारा वाढला की जाळं वर उचललं जातं आणि मासे खालून निसटतात. म्हातारा सारखा दोरांवर हात ठेवून असतो. शीड थोडं उतरवतो, पुन्हा चढवतो, दोर हातभर सैल करतो. नजर शिडाकडे कमी, दोराच्या ताणाकडे जास्त. तो "ओढ" म्हणतो तेव्हा तुमचे तळवे सोललेले असतात. जाळ्याच्या टोकाशी वाकासागी चमकतात, बोटाएवढे चंदेरी मासे. त्यांच्यात काचेसारखे आरपार दिसणारे शिराउओही आहेत.

आणखी पुढे चला. ही रीत साऱ्या तळ्यावर पसरते, 1902 मध्ये उत्तरेकडे आकितातल्या हाचिरोगाता तळ्यावरही जाते. मग इंजिनं येतात. वारा नसला तरी जाळं ओढता येतं, झोत मोजायची गरज राहत नाही. 1967 पर्यंत कासुमिगाउरावरची शिडाची मासेमारी संपते. जवळजवळ नव्वद वर्षं चाललेली विद्या एका यंत्रापुढे मागे पडली, याची मला खंत वाटते. इंजिनाने कष्ट वाचवले हे मान्य करूनही वाटते.

1971 मध्ये ही शिडं पर्यटकांसाठी पुन्हा उभारली गेली आणि 2018 मध्ये जपान सरकारने या तंत्राची नोंद जपण्याजोगा लोकवारसा म्हणून घेतली. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत ठरावीक दिवशी ती आजही तळ्यावर दिसतात. पाहणारे दुसऱ्या बोटीतून शिडाचे फोटो काढतात. तुम्ही गेलात, तर शिडाच्या माथ्यावरून पाण्यात उतरणारा तो दोर आधी शोधा.