सरे सिटी सेंटर: नकाशावरची नवी रेघ

आज जाऊया कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरे शहरात. व्हँकुव्हरजवळचं हे शहर पंजाबी गाण्यांमुळे तुमच्या कानावर आलं असेलच. 2021 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती 5,68,322.

2024 च्या प्रांतिक निवडणुकीत इथे 'सरे सिटी सेंटर' हा नवा मतदारसंघ आला. तिकडे मतदारसंघाला 'रायडिंग' म्हणतात. घोड्याबिड्याशी संबंध नाही हं, यॉर्कशरच्या तिसऱ्या हिश्शासाठी असलेला जुना शब्द आहे तो. विधानसभेच्या जागा 87 वरून 93 झाल्या आणि सरेच्या 9 वरून 10. या सीमा सरकार नाही, स्वतंत्र आयोग सुचवतो. यावेळी अध्यक्ष होत्या न्यायमूर्ती नित्या अय्यर. मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपेक्षा 25 टक्के कमी-जास्त चालते, त्यापलीकडे अगदी अपवाद म्हणूनच. कारण साधं आहे: शहर फुगलं आणि रेघा जुन्याच राहिल्या, तर तिथल्या माणसाच्या मताचं वजन घटतं.

अय्यर हे आडनाव वाचलं आणि मला 1907 आठवलं. त्या वर्षी याच प्रांताने कायदा बदलून हिंदुस्थानातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेतला. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा होती ही माणसं, तरीही! बरं, केंद्राची मतदारयादी प्रांताच्या यादीवरून बनायची, म्हणजे तेही मत गेलं. वकील किंवा फार्मासिस्ट व्हायचं तर मतदारयादीत नाव लागायचं, म्हणजे ती दारंही बंद. लाकडाच्या गिरणीत राबा, कर भरा, पण मत मागू नका. हे तब्बल 40 वर्षं चाललं. एप्रिल 1947 मध्ये हक्क परत मिळाला, आपल्या स्वातंत्र्याच्या चार महिने आधी. मग 1986 मध्ये मो सिहोता आमदार झाले आणि 2000 मध्ये उज्जल दोसांझ थेट प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच.

आता परत 2024. सिटी सेंटरची पहिलीवहिली निवडणूक एनडीपीच्या अमना शाह यांनी जिंकली. पण खरी धाकधूक होती शेजारच्या सरे-गिल्डफर्डमध्ये. तिथे न्यायालयीन फेरमोजणीनंतर एनडीपी जिंकली ती फक्त 22 मतांनी. एकूण 93 पैकी त्यांच्या जागा झाल्या 47, म्हणजे काठावरचं बहुमत. आता सांगा, सिटी सेंटर आणि गिल्डफर्डमधली रेघ एखादी गल्ली इकडे-तिकडे ओढली असती, तर?