लोखंडी नांगराचा कारागीर

पेडणे महालात पावसाळ्याच्या तोंडी जो नांगर शेतात उतरे, तो गावच्या मेस्ताच्या हातचा असे. लाकूड रानातले, फाळ लोहाराने घडविलेला आणि ओढावयास लहान चणीचे दोन बैल. मेरेआडच्या इवल्याशा कुणग्यात चिखल करणे एवढेच त्याचे काम, आणि ते तो चोख बजावीत असे. भाताच्या शेतात फार खोल जाणे हिताचेही नव्हे. कारण वीतभर खालचा जो घट्ट थर पाणी धरून ठेवतो, तोच फुटला तर पाणी जिरून जाते आणि रोप वाळते.

पण तेरेखोलची नदी ओलांडून, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून गेले म्हणजे मातीचा स्वभावच पालटतो. पुढे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर पसरलेली असतात. लाकडी नांगर तेथे माती चिरतो, उलथीत नाही. मुळे तशीच राहतात आणि तण पुन्हा माजते. तीन-चार बैलजोड्या लावूनही ही अडचण पुरती सुटत नसे. ती सोडविण्याच्या खटपटीत ज्या कारागिराने आपले निम्मे आयुष्य वेचले, त्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

घराण्याचे आडनाव मालवण तालुक्यातील किर्लोस गावावरून आलेले. म्हणजे मूळ पेडण्याच्या शेजारचेच म्हणावयाचे. लक्ष्मणरावांचा जन्म मात्र २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे चित्त पोथीत रमेना. ते यंत्रात आणि चित्रात रमे. वडील बंधू रामुअण्णा यांनी पाठबळ दिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दैव आडवे आले. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेदच ओळखता येत नव्हता. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच विद्या शिकवू लागले. फावल्या वेळात तेथील कर्मशाळेत लोखंडाशी झटापट चाले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाच्या वाट्यास गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व बेळगावची वाट धरली.

बेळगावात भावांचे सायकलींचे दुकान होते. घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा मानतात, तो या दुकानापासून. सायकल विकावयाची आणि घेणाऱ्यास चालविण्यास शिकवावयाचे, असा दुहेरी उद्योग रामुअण्णा सांभाळीत. लक्ष्मणरावांचे मन दुरुस्तीत आणि घडणीत. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी केले, ते खपले. मग विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी विलायती नांगर समोर ठेवून देशी बैलांना ओढता येईल असा लोखंडी नांगर बनविला.

आणि तो कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. ही हकीकत सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानावर हसण्याची चाल पडली आहे. ती न्यायाची नव्हे. लाकडी नांगर सुतार-लोहार बलुत्यावर करून देत. त्याची किंमत सुगीत धान्याने फिटे आणि मोडला तर दुरुस्ती गावातच होई. लोखंडी नांगरास रोकड रक्कम हवी. त्याचा फाळ तुटला तर? ऐन पेरणीच्या दिवसांत बेळगावास कोण धावणार? ज्याचे वर्षाचे अन्न एका पावसावर अवलंबून, त्याने परक्या वस्तूकडे शंकेने पाहावे, यात विष कमी आणि व्यवहार अधिक. लक्ष्मणरावांनी वादविवाद केला नाही. नांगर सुधारला, शेतात चालवून दाखविला आणि वाट पाहिली. उलथलेली माती पाहूनच गिऱ्हाईक वळले.

धंद्याला बरे दिवस येत होते, तोच दुसरा घाव बसला. शहराची वस्ती वाढविण्यासाठी जागा हवी, म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे ते पुरस्कर्ते, यांच्या कानी ही गोष्ट गेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. संस्थान लहान, पण राजाचे मन मोठे.

जमीन कसली, निवडुंगाचे रान! पाण्याचे दुर्भिक्ष आणि सापांचा सुळसुळाट. १९१० साली लक्ष्मणराव बायकामुलांसह तेथे आले, पाठोपाठ कामगारांची बिऱ्हाडे आली आणि निवडुंग तोडून भट्टी पेटली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने शून्यापासून पुन्हा आरंभ करणे सोपे नसते. वस्तीच्या राखणीवर त्यांनी शिक्षा भोगून सुटलेली माणसे नेमली, याचे अनेकांना नवल वाटे. वस्तीत शिवाशीव पाळू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. त्या रानाचे पुढे किर्लोस्करवाडी झाले.

यापुढचा इतिहास कारखान्याचा आहे, तो थोडक्यात सांगून भागेल. १९२० साली मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि यंत्र विकणाऱ्या या गावाने मराठी घराघरांत वाचनही पोहोचविले. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, पुढे तेलावर चालणारी इंजिने अशी मालिका वाढत गेली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आला आणि त्याच्या हाती उद्योगाचा विस्तार झाला.

लक्ष्मणरावांना दीर्घायुष्य लाभले. ज्या नगरपालिकेने कारखाना हलवावयास लावला, त्या बेळगाव शहरात आज त्यांच्या घराण्याच्या नावाचा रस्ता आहे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव त्याआधीच मागे पडले होते. पाटीवर किर्लोस्करवाडी आले होते.

पेडण्याच्या कुणग्यांत मात्र हा जड नांगर कधी रुजला नाही. तेथली माती वेगळी, बैल लहान. मेस्ताचा लाकडी नांगरच तेथे टिकला, आणि तो मागे पडला तो पॉवर टिलर आल्यावर.