जिमिनचा ‘फेस’: मिनी अल्बम आणि चार्टचं गणित

मिनी अल्बम म्हणजे सुट्या गाण्यापेक्षा मोठा, पूर्ण अल्बमपेक्षा छोटा संच; यालाच ईपी म्हणतात. बीटीएसच्या जिमिनचा पहिला सोलो मिनी अल्बम ‘फेस’ २४ मार्च २०२३ रोजी आला. त्यातलं ‘लाइक क्रेझी’ बिलबोर्ड हॉट १०० मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं. कोरियन सोलो कलाकाराला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण पुढच्याच आठवड्यात ते ४५ वर! कारण इथे स्ट्रीमिंग आणि रेडिओबरोबर विकत घेतलेले डाउनलोडही मोजतात, आणि चाहत्यांनी पहिल्या आठवड्यात रिमिक्ससकट ते भरपूर घेतले होते. मला यात लबाडी दिसत नाही, पैसे खरेच मोजले ना! गंमत म्हणजे एक छुपं गाणं फक्त सीडीवर होतं. म्हणजे ॲपवर ऐकणाऱ्यांनो, तुमचा ‘फेस’ तेव्हा अपुराच होता.