पॅरिशच्या वहींतील एक घराणें

इंग्लंडांतील एखाद्या सामान्य कुळाचा मागोवा घेणारास बहुधा एकाच ठिकाणीं यावें लागतें. तें म्हणजे पॅरिशची जुनी नोंदवही. एक चर्च, त्याचा पाद्री आणि त्याच्या हद्दींतील वस्ती मिळून पॅरिश होते. सरदार-जहागीरदारांच्या वंशावळी जपणारे पुष्कळ होते; परंतु चांभार, विणकर, शेतमजूर यांचें नांव सबंध आयुष्यांत बहुधा तीनच वेळां कोणी लिहून ठेवी: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या दिवशीं.

ह्या वह्या कुलाभिमानांतून निर्माण झाल्या नाहींत. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल यानें १५३८ सालीं हुकूम काढला कीं, प्रत्येक पाद्र्यानें आठवड्यांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें दर रविवारीं चर्चच्या वॉर्डनांसमक्ष वहींत लिहावीं आणि ती वही दोन कुलपांच्या पेटींत ठेवावी. एक किल्ली पाद्र्याजवळ, दुसरी वॉर्डनांजवळ. कसूर झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोकांस वाटलें, हा नव्या कराचा बेत! पुढें एलिझाबेथ राणीच्या अमदानींत, १५९८ सालीं, जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरून काढण्याचें ठरलें. मात्र विशेषेंकरून राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदी उतराव्या, असे शब्द हुकुमांत पडले. पुष्कळ पाद्र्यांनीं ही पळवाट आनंदानें पत्करली आणि आधींचीं वीस वर्षें कित्येक गांवांतून कायमचीं पुसलीं गेलीं. आळशी लेखनिकाच्या हातून इतिहासाचें जें नुकसान होतें, तें आगीच्या खालोखालच म्हणावें लागेल.

एव्हन नदीवरील स्ट्रॅटफर्ड गांवची वहीही १५५८ पासूनच सुरू होते. तींत हातमोजे करणारा जॉन शेक्सपिअर याचें घराणें भेटतें. १५५८ च्या सप्टेंबरांत त्याची मुलगी जोन हिचा बाप्तिस्मा; १५६९ च्या एप्रिलांत पुन्हां त्याचीच मुलगी जोन! नवशिका संशोधक येथें गोंधळतो. पहिली बहुधा बाळपणींच वारली आणि तिचें नांव धाकटीस दिलें; तशी त्या काळीं चालच होती. मध्यंतरीं १५६४ च्या २६ एप्रिलला जॉनचा मुलगा विल्यम याच्या बाप्तिस्म्याची ओळ लॅटिन भाषेंत येते. जन्मदिवस वहींत नाहींच. २३ एप्रिल ही सर्वत्र पाळली जाणारी जयंती केवळ अनुमानाची आहे. त्याच जुलैंत, दफनांच्या यादीशेजारीं, येथून प्लेग सुरू झाल्याची टीप आहे. अडीच महिन्यांचें तें मूल वांचलें, हें त्या यादींत त्याचें नांव नाहीं यावरूनच कळावयाचें.

विल्यमचें लग्न मात्र या वहींत सांपडत नाहीं. तें वूस्टरच्या बिशपच्या दप्तरांत शोधावें लागतें. तेथें १५८२ च्या नोव्हेंबरांतील एका नोंदींत वधूचें नांव ॲन व्हेटली आहे, आणि दुसऱ्याच दिवशींच्या जामीनखतांत ॲन हॅथवे! बहुधा कारकुनाच्या चुकीपोटीं जन्मलेल्या त्या व्हेटलीबाईस कांहीं चरित्रकारांनीं कवीची निराश प्रेयसी करून टाकलें. पुढच्या मे महिन्यांतच सुसॅना या मुलीचा बाप्तिस्मा आहे. दोन्ही तारखा शेजारीं मांडल्या म्हणजे लग्नाच्या घाईचें कारण उमजतें. पाद्र्यानें त्यावर अक्षरही लिहिलेलें नाहीं.

१५८५ च्या फेब्रुवारींत हॅम्नेट व ज्यूडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा झाला. नांवें ओळखीच्या एका दांपत्याचीं ठेवलीं. ११ ऑगस्ट १५९६ रोजीं दफनांच्या पानावर हॅम्नेट येतो. अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा. तो कशानें गेला, बाप वेळेवर घरीं पोहोंचला कीं नाहीं, याविषयीं वही मुकी आहे. पुरुषपरंपरेनें हा वंश त्या एका ओळींत खुंटला.

ज्यूडिथनें आपल्या पहिल्या मुलाचें पाळण्यांतलें नांवच शेक्सपिअर ठेविलें. बुडणारें आडनांव अशा रीतीनें राखण्याची ती धडपड असावी. सहा महिन्यांत, मे १६१७ मध्यें, तेंही मूल दगावलें. तिचे उरलेले दोघे मुलगे ऐन विशींत, थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारले. वही तें वर्ष १६३८ सांगते, चरित्रग्रंथ १६३९ म्हणतात. दोन्ही खरें आहे; कारण १७५२ पर्यंत इंग्लंडांत वर्ष २५ मार्चला बदलत असे, आणि जानेवारी-फेब्रुवारी मागल्या सालांत पडत. चैत्रांत शक बदलणाऱ्या मराठी माणसास हें नवें वाटूं नये.

सुसॅनेची एकुलती एक मुलगी एलिझाबेथ १६७० सालीं निपुत्रिक वारली. तिचें दफन नॉर्दॅम्प्टनशायरमधील ॲबिंग्टनच्या चर्चमध्यें झालें. कवीचा वंश असा संपला. त्या दुसऱ्या जोनचा, म्हणजे कवीच्या बहिणीचा वंश मात्र हार्ट या आडनांवानें चालूं राहिला. आणि तो शोधावयाचा तर पुन्हां स्ट्रॅटफर्डचीच वही उघडावी लागते.