आयंबिलचे मिरे आणि नंदुरबारची मिरची



आयंबिलच्या ओळीत आपल्या ताटात मिरे असतात, सुंठ असते, पण लाल तिखट नसते. घरातल्या लेकी-सुना विचारतात, "तिखटच खायचे, तर मिरे चालतात आणि मिरची का नाही?" रसत्यागाचे कारण महाराजसाहेब सांगतातच. मिरचीचा इतिहास वाचल्यावर मला मात्र या ताटात आणखी एक गोष्ट दिसू लागली.

मिरची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या देशाच्या शोधात, त्याला सापडली मिरची. १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर मिरची इकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि सुंठ. नवीन फळाला नाव दिले तेही मिऱ्यावरूनच, मिरची. म्हणजे मिरे-सुंठ घातलेली आयंबिलची डाळ खाताना पाचशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकाची चव जिभेवर येते, असे मला वाटते.

बटाटाही अमेरिकेतलाच आणि तोही पोर्तुगीजांनीच आणला. वनस्पतिशास्त्रात मिरची, बटाटा, टोमॅटो, वांगे ही एकाच कुळातली भावंडे. तरी आपल्या घरात मिरची आली आणि बटाटा उंबऱ्याबाहेर राहिला. कारण मिरची झाडावरचे फळ आणि बटाटा जमिनीतला कंद. मुले म्हणतात, "जुन्या ग्रंथांत बटाट्याचे नाव कुठे आहे?" नाव नसेलच, तेव्हा तो इथे नव्हता. पण कंदाचे लक्षण सांगितलेले होते. नियम लक्षणावर चालतो, म्हणून नवीन वस्तूलाही लागू पडतो.

आता नंदुरबारकडे येते. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या बरोबरीने त्याचे नाव घेतात. इथली खासियत ओल्या लाल मिरचीची. उन्हाळ्याच्या शेवटी रोप टाकतात, पावसाळ्यात लावणी होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकलेली लाल मिरची गाड्या भरभरून बाजार समितीत येते. शेतकरी ओलीच विकतो, वाळवतो व्यापारी. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरची पसरतात, त्याला पथारी म्हणतात. लांबून पाहावे तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते.

मी कॉमर्सची, म्हणून हिशोब सांगते. पिकलेल्या मिरचीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. शंभर किलो ओली मिरची वाळली की पंचवीस ते तीस किलो उरते. म्हणजे किलोभर सुक्या मिरचीमागे साडेतीन-चार किलो ओली मिरची लागते. त्यावर मजुरी, जागेचे भाडे आणि जोखीम. पथारीवर अवकाळी पाऊस पडला की माल काळा पडतो, बुरशी धरतो. शेतात असतानाच चुरडा-मुरडा आला तर पानेच आकसतात आणि शेतकऱ्याचे वर्ष जाते. तिखट फार स्वस्त मिळाले तर मला आनंद होत नाही, शंका येते.

या पथारीवर मिरची वेचतात, देठ खुडतात, त्यात बायकाच जास्त. तोंडाला फडके, तरी ठसका. आणि हात तर दिवसभर जळत असतात. आपण चार मिरच्या चिरल्या तरी रात्री डोळ्याला हात लावायची भीती वाटते. जीवदया मुंगीपासून सुरू होते हे खरे, पण ती या हातांपर्यंतही पोहोचायला हवी.

म्हणून वर्षाचे तिखट करताना एवढे पाळूया. तयार पुडीपेक्षा अख्खी मिरची निवडून घ्यावी. काळे डाग किंवा आत पांढरी बुरशी दिसली तर ती बाजूला काढावी. कडक ऊन देऊन, आत जीव नाही हे पाहूनच दळावी. कोरड्या बरणीत हिंगाचे खडे घालून भरावी, म्हणजे पावसाळ्यात जाळी धरत नाही आणि जीवोत्पत्ती टळते. आणि भाव करताना, दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी, वरचा हिशोब एकदा आठवावा. जयणा म्हणजे तरी वेगळे काय?